एका रिमोट गाडीला किती कागद लागतात?

मागच्या पावसाळ्यात कोपरखैरण्याचं एक तरुण जोडपं आमच्या बेलापूरच्या ऑफिसात आलं. रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाड्यांचा त्यांचा पहिलाच कंटेनर न्हावाशेव्याला उतरून द्रोणागिरीच्या बाजूच्या एका सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर-गोदामात, पडून होता. कस्टम्स तो सोडत नव्हतं. "ताई, सगळी सर्टिफिकेटं आहेत हो," असं म्हणत नवऱ्यानं फाइल उघडली आणि एकेक कागद टेबलावर मांडला. कारखान्याचं आयएसओ ९००१. सीई मार्कचं प्रमाणपत्र. चीनमधल्या लॅबचा टेस्ट रिपोर्ट. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. आणि सप्लायरनं स्वतःच्या लेटरहेडवर लिहून दिलेलं 'सर्टिफिकेट ऑफ कन्फर्मिटी'.

पाचही कागद खरे होते. पण माल सोडवायला त्यांतला एकही पुरेसा नव्हता.

मी चौदा वर्षं आयातीची कागदपत्रं बघते. बाजारात आमच्या धंद्याला सीएचए, म्हणजे कस्टम्स हाउस एजंट, म्हणतात. वाशी, तुर्भे, महापे, ठाण्याचं वागळे इस्टेट, भिवंडी, सगळीकडून नवे आयातदार येतात. हुशार असतात, कष्टाळू असतात, पैसे बहुतेकदा घरचे किंवा उसने. आणि त्यांतले कितीतरी जण याच एका जागी अडकतात. म्हणून त्या गाडीचाच माग काढत हा विषय एकदा नीट सांगते.

शितावरून भाताची परीक्षा

'कन्फर्मिटी' म्हणजे माल ठरलेल्या मानकाला उतरणं. मानक म्हणजे लेखी कसोटी: धार किती चालेल, रंगात शिसं किती चालेल, वायर किती तापू द्यायची. आता प्रश्न असा की माल उतरला, हे म्हणणार कोण? बनवणारा स्वतः म्हणू शकतो. एखादी लॅब म्हणू शकते. किंवा सरकारनं नेमलेली संस्था म्हणू शकते. ज्या देशात माल विकायचा, त्या देशाचा कायदा यांतल्या कुणाचा शब्द मानायचा ते ठरवतो. सगळी गोम इथे आहे.

त्या पाच कागदांकडे या नजरेनं बघा. आयएसओ ९००१ कारखान्याच्या कारभाराविषयी बोलतं: नोंदी ठेवतात का, तक्रारी हाताळतात का. गाडीचं चाक निखळून पोराच्या घशात जाईल का, याविषयी ते गप्प आहे. सीई मार्क युरोपच्या बाजारासाठी आहे आणि पुष्कळ वस्तूंच्या बाबतीत तो बनवणाऱ्याच्या स्वतःच्या घोषणेवर लागतो. भारतात त्याला कायद्याचं वजन नाही. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन माल कुठल्या देशात बनला ते सांगतं. ड्युटीच्या सवलतीसाठी कामाचं, सुरक्षिततेसाठी नाही. लेटरहेडवरचं प्रमाणपत्र म्हणजे विक्रेत्यानं आपल्याच मालाची केलेली तारीफ.

राहिला टेस्ट रिपोर्ट. तो सगळ्यांना सर्वांत भक्कम वाटतो. पण टेस्ट रिपोर्ट म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. लॅबकडे पाठवलेला नमुना त्या दिवशी पास झाला, एवढंच त्यातून कळतं. घरच्या पातेल्यात ही परीक्षा चालते, कारण भात एकाच आचेवर, एकाच वेळी शिजलेला असतो. कंटेनरमधल्या हजारो गाड्या वेगवेगळ्या दिवशी बनलेल्या असतात, प्लॅस्टिकची गोणी बदललेली असते, रंग दुसऱ्याच दुकानातून आलेला असतो. आणि नमुना कुणी निवडला? विकणाऱ्यानंच.

भारतात खेळण्यांना लागणारा भारतीय मानक ब्युरोचा परवाना शितावर थांबत नाही, तो चुलीपर्यंत जातो. कारखाना कसा आहे, तिथे तपासणीची साधनं आहेत का, रोज कोण काय तपासतं, नमुना ब्युरोच्या माणसासमोर काढला का, हे सगळं बघूनच तो मिळतो. शिवाय परवाना दिल्यावरही देखरेख चालू राहते.

खेळण्यांना हा जाच कशाला?

जाच म्हणू नका, एवढीच माझी विनंती आहे. आयएसआय हे नाव आपल्या आजी-आजोबांपासून ओळखीचं. ती संस्था १९४७ साली सुरू झाली आणि १९८७ पासून तिची जागा भारतीय मानक ब्युरोनं घेतली. चिन्हावरची अक्षरं मात्र जुनीच राहिली. बहुतेक वस्तूंना हे चिन्ह ऐच्छिक असतं. पण केंद्र सरकारचं एखादं खातं त्या वस्तूसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढतं, तेव्हा ते सक्तीचं होतं. बाजारातले लोक या आदेशाला क्यूसीओ म्हणतात. सध्या २०१६ चा कायदा लागू आहे, आणि आदेश निघालेली वस्तू चिन्हाशिवाय बनवायची नाही, आणायची नाही, विकायची नाही, साठवायचीही नाही. देशातला कारखानदार असो की परदेशातला, नियम तोच.

खेळण्यांचा आदेश २०२० साली निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्याआधी, २०१९ मध्ये, क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियानं दिल्लीच्या परिसरातल्या बाजारातून खेळणी विकत घेऊन तपासली होती. आयात खेळण्यांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश नापास झाली.

नापास म्हणजे काय, ते समजून घ्यायला हवं. लॅबमध्ये एक छोटं नळकांडं असतं, ३१.७ मिलिमीटर व्यासाचं, तळ तिरका. लहान मुलाच्या घशाचा अंदाज घेऊन ते केलेलं आहे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा सुटा होणारा तुकडा त्यात पूर्ण मावला, तर खेळणं बाद. तुकडा सुटतो का हे बघायला खेळणं पाडतात, ओढतात, पिळतात. पोरं जे करतात तेच. मग रंग आणि प्लॅस्टिकमधून शिसं, कॅडमियम, पारा, आर्सेनिक यांसारखी आठ मूलद्रव्यं किती बाहेर येतात ते मोजतात. प्लॅस्टिक मऊ करणारी थॅलेट नावाची रसायनं, कापडी खेळणं किती भरभर पेटतं, हेही बघतात. या साध्या खेळण्यांच्या कसोट्यांचं मानक आयएस ९८७३. विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यांचं आयएस १५६४४. हे दोन आकडे लक्षात ठेवा, शेवटी लागतील.

आदेशात खेळणं म्हणजे चौदा वर्षांखालच्या मुलांनी खेळावं म्हणून बनवलेली वस्तू. कागदावर 'शोपीस' लिहिलं म्हणून गाडीचं शोपीस होत नाही. असा सल्ला देणारे भेटतात. त्यानं चुकीची माहिती दिल्याचा वेगळाच गुन्हा अंगावर येतो, आणि पोरं त्या गाडीशी खेळायची ती खेळतातच.

परवाना कुणाच्या नावावर

आता या लेखातली मुख्य गोष्ट. ब्युरोचा परवाना आयातदाराला मिळत नाही. परदेशातल्या कारखान्याला मिळतो. त्या पत्त्यावरच्या कारखान्याला, त्या मानकाखालच्या त्या मालासाठी. तुम्ही, मी, वाशीतली मोठी ट्रेडिंग कंपनी, कुणीही पैसे भरून 'आपल्या कंटेनरसाठी' हे प्रमाणपत्र आणू शकत नाही. त्या जोडप्याला हे सांगितलं तेव्हा बायकोनं विचारलं, "मग आता अर्ज केला तर?" अर्ज कारखान्यानं करायचा. आणि तोही माल बनवण्याआधी. उतरलेल्या मालासाठी तो म्हणजे वरातीमागून घोडं.

परदेशी कारखान्यांसाठी ब्युरोची वेगळी योजना आहे, एफएमसीएस. कारखाना अर्ज करतो, भारतात राहणारा एक अधिकृत प्रतिनिधी नेमतो, त्याला धंद्यात एआयआर म्हणतात. कारखान्याच्या वतीनं कायद्याची जबाबदारी हा माणूस सही करून घेतो, तेव्हा 'फक्त नाव द्या' म्हणून कुणी विचारलं तर दोनदा विचार करा. मग ब्युरोचे अधिकारी कारखान्यात जातात, प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च कारखान्याचा. तिथे तपासणी होते, नमुने निघतात, ते लॅबमध्ये पास व्हावे लागतात. परवाना देताना १०,००० अमेरिकी डॉलरची बँक गॅरंटीही घेतात. सहा महिन्यांच्या आत हे सगळं आटोपलेलं मी क्वचितच पाहिलंय. परवान्याला मुदत असते आणि नूतनीकरण करावं लागतं.

यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. छोट्या आयातदारानं नवा परवाना काढायला लावण्यापेक्षा ज्या कारखान्याकडे तो आधीच आहे असा कारखाना शोधणं बरं. दोन-तीनशे पेट्या घेणाऱ्या गिऱ्हाइकासाठी कुठलाही कारखानदार एवढा खटाटोप करणार नाही, आणि 'करतो' म्हणाला तर ॲडव्हान्स देऊ नका.

दुसरी गोष्ट याहून नाजूक. ज्याला आपण सप्लायर म्हणतो तो बऱ्याचदा कारखानदार नसतोच, दलाल असतो. तो परवाना दाखवतो एका कारखान्याचा आणि माल भरतो शेजारच्या दुसऱ्या कारखान्यातून, कारण तिथे स्वस्त पडतो. परवाना खरा, माल खरा, पण दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. तपासणीत पेटीवरचा पत्ता आणि परवान्यावरचा पत्ता जुळत नाही तेव्हा हे उघडं पडतं, आणि तोवर पैसे गेलेले असतात.

चिन्हही कारखान्यातच उमटलेलं लागतं. वर आयएस क्रमांक, मधे आयएसआयचं चिन्ह, खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. मस्जिद बंदरला स्टिकर छापून घेऊन सीएफएसमध्ये चिकटवू, असं मला एकानं अगदी निरागसपणे विचारलं होतं. तो बनावट चिन्ह लावण्याचा गुन्हा ठरला असता.

गाडीच्या पोटात

गाडी एकच, पण तिच्या आत अजून दोन वस्तू लपलेल्या आहेत.

एक, बॅटरी. चार्ज होणाऱ्या लिथियम बॅटरीला ब्युरोची दुसऱ्या प्रकारची नोंदणी लागते. २०१२ च्या आदेशानं इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी ही सुरू झाली. धंद्यात सीआरएस म्हणतात. मोबाइल, लॅपटॉप, पॉवर बँक, एलईडी दिवे, बरेचसे अडॅप्टर याच यादीत येतात. यात अधिकारी कारखान्यात जात नाहीत. ब्युरोनं मान्य केलेल्या भारतातल्या लॅबमध्ये नमुना तपासायचा, तो अहवाल जोडून कारखान्यानं अर्ज करायचा आणि 'माल मानकाप्रमाणे आहे' असं स्वतः लिहून द्यायचं. परदेशातल्या लॅबचा अहवाल इथे चालत नाही. बॅटरीवर आयएस १६०४६ आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. हीसुद्धा नोंदणी कारखान्याच्याच नावावर, आणि तीत ब्रँड आणि मॉडेल लिहिलेलं असतं. तुमच्या बॅटरीचं मॉडेल त्यात नसेल तर तो क्रमांक तुमच्यासाठी नुसता आकडा.

दुसरी वस्तू, रिमोट. आजकालचे बहुतेक रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे ते रेडिओ लहरी सोडतात. ब्लूटूथ स्पीकर, वायफायचे कॅमेरे, यांचंही तसंच. अशा मालाला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची मंजुरी लागते, तिला ईटीए म्हणतात. सरल संचार पोर्टलवर मॉडेलनिहाय अर्ज होतो, आणि इथे बदल असा की आयातदाराला स्वतः अर्ज करता येतो. लहरींच्या चाचणीचा अहवाल परदेशातल्या मान्यताप्राप्त लॅबचाही चालतो. त्या जोडप्याच्या चीनमधल्या टेस्ट रिपोर्टात ही चाचणीही होती, पण तेवढ्यावर मंजुरी घ्यायची असते हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्या फाइलमध्ये सरळ झालं असतं ते हे एकच काम.

बाकीचं भरभर सांगते. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, नग, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क हवा, हा वजनमापाच्या २०११ च्या नियमांचा भाग. हे स्टिकर मात्र कस्टम्सच्या देखरेखीखाली गोदामात लावता येतात. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे आणि बॅटरी कचऱ्याचे २०२२ चे नियम आहेत, प्लॅस्टिक पॅकिंगचे वेगळे. यांत आयातदारालाच उत्पादक धरतात आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. स्टीलच्या पाण्याच्या बाटल्या आणणारे हल्ली खूप आहेत, त्यांनी २०२३ चा आदेश बघावा. खाण्याचा माल आणत असाल तर वाट वेगळीच आहे, तिथे एफएसएसएआय, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरण, असतं आणि माल उतरताना टिकाऊपणाचा ठरावीक काळ शिल्लक असावा लागतो. सॅम्पल म्हणून थोडं आणायचं असेल तर अनेक आदेशांत संशोधनासाठी वर्षाला २०० नगांपर्यंत सूट असते, पण ते नग विकता येत नाहीत, आणि प्रत्येक आदेशात ही सूट असेलच असं नाही. स्वतः वाचा.

अडकल्यावर

एकदा माल उतरला आणि परवाना नाही, की रस्ते फार थोडे उरतात. माल परत पाठवायचा, किंवा तो वापरता येणार नाही असा तोडून भंगारात घालायचा. वर कस्टम्सच्या कायद्याखाली जप्ती आणि दंड होऊ शकतो. २०१६ च्या मानक कायद्यात पहिल्या उल्लंघनाला किमान २ लाख रुपये दंड लिहिलेला आहे, आणि तो मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो.

दरम्यान दोन मीटर चालू असतात. सीएफएसचं जागेचं भाडं आणि शिपिंग लाइनचं कंटेनर अडकवल्याचं भाडं, म्हणजे डिटेन्शन. पहिले काही दिवस फुकट, पुढे दर आठवड्याला दर चढत जातो. कागद येईपर्यंत बिल ऑफ एंट्रीच, म्हणजे आयात मालाचं कस्टम्सकडे द्यायचं विवरणपत्रच, भरू नये, अशी युक्ती काही जण करतात. ती महागात पडते. बिल ऑफ एंट्री माल पोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचं असतं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि नंतर रोज १०,००० रुपये आकारतात.

त्या जोडप्यानं सव्वादोन महिने वाट पाहिली. कुणीतरी त्यांना 'सेटिंग'ची आशा दाखवत राहिलं होतं, म्हणून एवढे दिवस गेले. शेवटी माल परत पाठवला. जाण्यायेण्याचं भाडं, दंड आणि डिटेन्शन धरून मालाच्या किमतीपेक्षा जास्त खर्च झाला. सप्लायरनं थोडे पैसे परत केले, बाकीचे 'पुढच्या ऑर्डरमध्ये वळते करू' म्हणाला. बायकोच्या आईनं दिलेले दागिने त्यात होते, हे मला खूप उशिरा कळलं.

ॲडव्हान्स पाठवण्याआधी

सुरुवात करा ती एचएस कोडपासून. मालाचा आठ आकडी कोड नक्की झाला की डीजीएफटीच्या, म्हणजे परदेशी व्यापार महासंचालनालयाच्या, आयात धोरणात त्याच्यासमोर काय अट आहे ते बघता येतं, आणि ब्युरोच्या संकेतस्थळावर सक्तीच्या वस्तूंची यादी आहेच. ही यादी लांबत जाते, लागू होण्याच्या तारखा पुढेमागे होतात, काही आदेश मागेही घेतले जातात. मागच्या वर्षी आणलं होतं म्हणून यंदा चालेल असं धरू नका.

मग सप्लायरकडे प्रमाणपत्राची पीडीएफ मागू नका. परवाना क्रमांक मागा आणि तो स्वतः तपासा. ब्युरोचं 'बीआयएस केअर' नावाचं मोबाइल ॲप फुकट आहे. त्यात सीएम/एल किंवा आर क्रमांक टाकला की कारखान्याचं नाव, पत्ता, मानक, परवाना चालू आहे की नाही, सगळं दिसतं. चार गोष्टी जुळवा: मुदत, कारखान्याचा पत्ता, मानकाचा क्रमांक, आणि तुमचा प्रकार किंवा मॉडेल. पत्ता जुळवायला भरायच्या पेटीचा फोटो मागवा, आणि खरेदीच्या करारात लिहून घ्या की माल याच कारखान्यातून निघेल. सप्लायर फोटो पाठवायला टाळाटाळ करत असेल तर तेवढ्यावरून बरंच कळतं.

गेल्या महिन्यात त्या ताईंचा फोन आला. नवरा आता नोकरी करतो, धंदा त्या बघतात. पुन्हा रिमोट गाड्याच आणायच्या होत्या, दुसऱ्या कारखान्याकडून. परवाना क्रमांक मिळवला होता, ॲपमध्ये टाकला होता, परवाना चालू होता, पत्ता पेटीवरच्या पत्त्याशी तंतोतंत जुळत होता. "पण ताई, मानकासमोर आयएस ९८७३ दिसतंय," त्या म्हणाल्या. "आमची गाडी बॅटरीवर चालते. पंधरा हजार सहाशे चव्वेचाळीस हवं ना?"

"हो," मी म्हटलं. "ॲडव्हान्स पाठवला का?"

"नाही. आधी तुम्हाला फोन केला."